खाजकुयलीच्या चूर्णाने आलेला ‘सत्तर टक्के फरक’: पार्किन्सन्सच्या एका रुग्णाचे प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून वय, गाव, व्यवसाय, तारखा आणि आकडे बदलले आहेत. एकाहून अधिक रुग्णांत दिसलेले काही तपशील इथे एकत्र केले आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्णाला इथे अण्णा म्हणू. वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षक. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचे निदान झाले. उजव्या हाताचा कंप, चालताना उजवा हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे ही लक्षणे होती. औषध म्हणजे सिंडोपा प्लस: लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा २५ मिलिग्रॅम असलेली गोळी सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ वाजता. दीड वर्षात त्यात बदल झाला नव्हता.

ऑगस्टमध्ये पोट फुगणे आणि ढेकरांची तक्रार सुरू झाली. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची कॅप्सूल दिली, रोज सकाळी अनशापोटी. ऑक्टोबरपासून अण्णा मंदावले. शर्टाची बटणे लावायला काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, मदत लागू लागली, रात्री कूस बदलता येईना. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यावरची सही इतकी बारीक आली की बँकेत ती पुन्हा करून घेतली. आजार पुढे सरकला, असेच घरच्यांनी धरले.

जानेवारीत मेव्हण्यांनी कवचबीज चूर्णाचा डबा आणून दिला. ‘सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट दुधातून. आणि त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूल बंद करा, या औषधाला चालत नाहीत.’ अण्णांनी दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात केल्या. तीन-चार आठवड्यांत घरच्यांना स्पष्ट फरक दिसू लागला. मार्चमध्ये न्यूरॉलॉजिस्टकडे आल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, ‘डॉक्टर, सत्तर टक्के फरक आहे. आता गोळ्या सोडून नुसत्या पावडरवर राहायचं म्हणतो.’

चूर्णात काय असते

कवचबीज म्हणजे खाजकुयलीचे बी. त्यात लेव्होडोपा असतो. गोळीत असतो तोच. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो या बियांतून वेगळा करून दाखवला होता, म्हणजे पार्किन्सन्सवर लेव्होडोपा वापरात येण्याच्या कितीतरी आधी. आयुर्वेदात कंपवातावर आत्मगुप्ता, म्हणजे खाजकुयलीच, सांगितली आहेच. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाची तुलना लेव्होडोपा २०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा ५० मिलिग्रॅमच्या मात्रेशी केली. चूर्णाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा ६९ मिनिटांत. चूर्णाचा परिणाम टिकलाही थोडा जास्त वेळ. त्या ३० ग्रॅममध्ये साधारण १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता.

हजार मिलिग्रॅमची बरोबरी दोनशेशी होते ती कार्बिडोपामुळे. लेव्होडोपाचे मेंदूत डोपामाइन होते आणि पार्किन्सन्समध्ये तेच कमी पडते. पण लेव्होडोपा नुसता घेतला तर त्याचा मोठा भाग मेंदूत पोचण्याआधीच शरीरात डोपामाइनमध्ये बदलतो. मेंदूला थोडा मिळतो आणि बाकीच्याने मळमळ होते. कार्बिडोपा हा बदल अडवतो. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. अण्णांच्या तीन गोळ्यांतून ७५ मिलिग्रॅम मिळत होता. त्यामुळे चूर्णातल्या लेव्होडोपालाही गोळीतल्या कार्बिडोपाचे संरक्षण मिळत होते. गोळ्या सोडून नुसत्या चूर्णावर राहण्याची अण्णांची कल्पना इथेच मोडते. चूर्ण लागू पडत होते ते गोळ्यांच्या आधारावर.

अडचण

अण्णांचे म्हणणे खोटे मानायचे कारण नव्हते. ते समोर बसून शर्टाची बटणे लावून दाखवत होते. प्रश्न होता तो हा फरक नेमका कशाचा आणि पुढे काय करायचे. जानेवारीत दोन बदल एकदम झाले होते. शिवाय ‘सत्तर टक्के’ हा आकडा कशाच्या सत्तर टक्के, हे कोणी विचारले नव्हते.

तो फोडून पाहिला. बटणे, कूस बदलणे, लिहिणे आणि खुर्चीतून उठणे यांत सुधारणा होती. वळताना तोल जाणे, बारीक आवाज आणि बद्धकोष्ठ जसेच्या तसे होते. हे चित्र ओळखीचे आहे. मंदपणा आणि ताठरता डोपामाइनच्या औषधाला दाद देतात. तोल आणि बद्धकोष्ठ फारशी देत नाहीत. ‘सगळंच सुधारलं, झोप, भूक, तोल, मूडसुद्धा’ असे कोणी सांगितले तर अपेक्षेचा वाटा मोठा असण्याची शक्यता वाढते. इथे तसे नव्हते.

मग डॉक्टरांनी विचारले, ‘अण्णा, सकाळची पावडर घेतल्यावर हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो?’

‘अर्धा तास. पेपर वाचून होईपर्यंत.’

‘आणि एखाद्या दिवशी राहिली तर?’

‘तर दुपारच्या गोळीपर्यंत जड जातं. पण दिवाळीत होतो तसा नाही होत.’

या दोन उत्तरांत प्रकरणाचा बराचसा भाग आला. अर्ध्या तासात येणारा आणि काही तासांत ओसरणारा फरक लेव्होडोपाचा. पण चूर्ण चुकल्यावरही माणूस दिवाळीच्या पातळीवर जात नसेल, तर सुधारणेचा दुसरा एक भाग आहे आणि तो रोजच्या चमच्यावर अवलंबून नाही. तेव्हा ॲसिडिटीच्या कॅप्सूलचे पाकीट मागवले. त्यावर रॅबेप्राझोलसोबत लेव्होसुल्पिराइड लिहिलेले होते.

लेव्होसुल्पिराइड डोपामाइनचे रिसेप्टर अडवते, म्हणजे डोपामाइनला काम करू देत नाही. पोटाची हालचाल वाढावी म्हणून ते आपल्याकडे सर्रास दिले जाते. त्याने निरोगी माणसालाही पार्किन्सन्ससारखी लक्षणे येऊ शकतात आणि असलेला पार्किन्सन्स बिघडतो. बंद केल्यावर सुधारणा हळूहळू, काही आठवडे ते महिन्यांत होते. सुरुवात ऑगस्ट, बिघाड ऑक्टोबर, बंद जानेवारी, सुधारणा फेब्रुवारी. कालक्रम नेमका जुळत होता.

तपासणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. सकाळी नऊच्या सुमारास मान आणि उजवा खांदा झुलत होता, म्हणजे डिस्किनेसिया: औषध चढलेले असताना आपोआप होणारी हालचाल. हा त्यांना पूर्वी कधी नव्हता. आडवे असताना रक्तदाब १२८/८०, उभे राहून तीन मिनिटांनी १०४/६८. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर ती नोंद घ्यायची बाब असते. अण्णांना उठताना अंधारी येत होती, पण ‘एवढा फायदा होतोय तर तेवढं चालायचंच’ म्हणून त्यांनी ते सांगितले नव्हते. स्वतः निवडलेल्या औषधाचे दुष्परिणाम विचारल्याशिवाय कळत नाहीत.

कोणते पर्याय होते

चूर्ण ताबडतोब बंद करणे हा पहिला पर्याय आणि बहुतेक ठिकाणी तोच निवडला जातो. त्यात दोन धोके होते. लेव्होडोपा, मग तो कुठलाही असो, एकदम तोडला तर लक्षणे उसळतात. क्वचित तीव्र ताप आणि ताठरतेची जीवघेणी अवस्थाही येते. दुसरा धोका विश्वासाचा. अण्णांनी पुढे चूर्ण घेतले असते आणि सांगितले नसते.

‘फायदा होतोय ना, मग चालू द्या’ हा दुसरा. मात्रा अज्ञात, डिस्किनेसिया आणि रक्तदाबाचा त्रास सुरू झालेला; त्यामुळे तो टिकणारा नव्हता.

गोळ्या सोडून नुसते चूर्ण, ही अण्णांची इच्छा. बोलिव्हियात नुसते भाजलेले चूर्ण दीर्घकाळ देऊन पाहिले तेव्हा १४ पैकी निम्म्या रुग्णांना ते सोडावे लागले. काहींना पोटाच्या त्रासाने, काहींना हालचाली बिघडल्याने. हे आकडे अण्णांसमोर ठेवल्यावर त्यांनी स्वतःच हा विषय बाजूला ठेवला.

चौथा पर्याय: ॲसिडिटीची ती कॅप्सूल कायमची बंद ठेवायची, गोळ्या आहेत तशा ठेवायच्या, फक्त चूर्ण क्रमाने काढायचे आणि दर टप्प्याला मोजायचे. सहा आठवडे लागणार होते. कुटुंबाने हा निवडला. काकू म्हणाल्या, ‘लिहायचं काम माझ्याकडे द्या. यांना सगळं बरंच वाटतं.’

काय केले

*चमचा मोजला.* दागिन्यांसाठी वापरतात तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला. काकूंचा शीग लावलेला चमचा ४.५ ग्रॅम भरला, सुनेचा सपाट चमचा २.८ ग्रॅम. घरात दोन पाकिटे होती. दोन्हींचे नमुने खासगी प्रयोगशाळेत एचपीएलसी पद्धतीने (यात मिश्रणातले एकेक द्रव्य वेगळे करून मोजतात) तपासले: एकात ३.८ टक्के लेव्होडोपा, दुसऱ्यात २.१ टक्के. पहिल्या पाकिटाचा काकूंचा चमचा म्हणजे १७१ मिलिग्रॅम, दुसऱ्याचा सुनेचा चमचा म्हणजे ५९. ‘एक चमचा’ या एकाच नोंदीत जवळजवळ तिपटीचा फरक. एका वैद्यांचाही सल्ला घेतला. बी दुधात उकडून, साल काढून शोधन केले की नाही यावरही हे प्रमाण बदलते, हे त्यांनी लक्षात आणून दिले. दोन्ही पाकिटांवर त्याचा उल्लेख नव्हता.

*डायरी सुधारली.* काकूंची पहिली वही निकामी ठरली. रात्री नऊ वाजता आठवून लिहिलेली ‘आज बरे’, ‘आज साधारण’ अशी वाक्ये त्यात होती. दिवसाचा शेवट चांगला गेला की सगळा दिवस चांगला वाटतो. त्याऐवजी सकाळी ६ पासून रात्री १२ पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखले. प्रत्येक रकान्यात पाचपैकी एक खूण: झोप, ऑफ (औषध उतरलेले), ऑन (औषध चढलेले), ऑन पण त्रास न देणारा डिस्किनेसिया, ऑन पण त्रासदायक डिस्किनेसिया. प्रत्येक टप्प्यातले तीन सलग दिवस भरायचे, आणि खूण त्या त्या वेळीच करायची.

इथे एक चूक हमखास होते: कंप आणि डिस्किनेसिया यांची गल्लत. कंप तालात असतो, हात मांडीवर निवांत असताना दिसतो आणि औषध उतरल्यावर वाढतो. डिस्किनेसिया बेताल, झुलता, औषध चढलेले असताना येतो. काकूंना दोन्हींचे मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, मगच वही सुरू केली. ही गल्लत राहिली तर औषध कमी पडतेय की जास्त होतेय, याचा निष्कर्ष उलटा निघतो.

*दुसरा डोळा ठेवला.* चूर्णासारखे दिसणारे खोटे चूर्ण देणे शक्य नव्हते. वास आणि चव लपत नाही, आणि ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरायचे तर एका वेळेला नऊ कॅप्सूल गिळाव्या लागल्या असत्या. म्हणून निदान मोजणारी व्यक्ती तरी अनभिज्ञ ठेवली. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसणे आणि बोटे टेकवणे यांचे व्हिडिओ सकाळी नऊ वाजता घेतले. तारखा झाकून ते दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे वेळ मोजायला दिले. एमडीएस-यूपीडीआरएस या पार्किन्सन्सच्या मोजपट्टीच्या तिसऱ्या, हालचालींच्या भागाचे गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) न्यूरॉलॉजिस्टनेच दिले, म्हणजे ते अनभिज्ञ नव्हते. ताठरता व्हिडिओवरून मोजता येत नाही, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

*टप्पे.* पहिले दोन आठवडे एकाच पाकिटातून ४.५ ग्रॅम, सकाळी ८ आणि रात्री ८. मग चार-चार दिवसांनी कमी करत आधी रात्रीचे, मग सकाळचे चूर्ण बंद. त्यानंतर दोन आठवडे नुसत्या तीन गोळ्या.

काय दिसले

चूर्ण चालू असताना जागेपणी सरासरी तीन तास ऑफ: दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७. सकाळी पावणेनऊ ते सव्वादहाच्या आसपास डिस्किनेसिया. चूर्ण बंद झाल्यावर ऑफ साडेचार तास, डिस्किनेसिया नाही. वाढलेला दीड तास सगळा सकाळचा होता. ऑफ आता १२ ऐवजी साडेदहालाच सुरू होत होता. संध्याकाळचे ५ ते ७ दोन्ही टप्प्यांत तसेच. ऑफमध्ये साधारण एका तासाचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका धरतात, म्हणजे हा फरक खरा होता.

सकाळी नऊचे गुण चूर्णासह २२, चूर्णाविना २७. या भागात ३.२५ गुणांची घट ही लक्षात येणारी किमान सुधारणा मानली जाते. व्हिडिओवरची वेळ १३.८ सेकंदांवरून १६.१ वर गेली. पण सकाळची गोळी देण्याआधी, रात्रभराच्या खंडानंतर घेतलेले गुण दोन्ही टप्प्यांत ३८ आणि ३७ असे जवळजवळ सारखे. चूर्ण मूळ आजार थोपवत असल्याची काही खूण इतक्या आठवड्यांत दिसली नाही. उभे राहिल्यावर रक्तदाबाची घट २४ वरून १४ वर आली.

मात्रा कमी करण्याच्या पहिल्याच चार दिवसांत, फक्त रात्रीचे चूर्ण निम्मे केले असताना, अण्णा म्हणाले, ‘पुरता बिघडलो.’ त्या दिवसांत सकाळच्या व्हिडिओवरची वेळ १४.२ सेकंद होती, म्हणजे जवळपास बदल नाही. काढून घेतले जातेय या जाणिवेनेच त्रास वाढला होता. याला मनाचे खेळ म्हणून सोडून देणे बरोबर नाही. २००१ साली पॉझिट्रॉन स्कॅनमध्ये दिसले होते की नुसत्या प्लासिबोनेही, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या मात्रेनेही, पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन स्रवते. पुढे ११ चाचण्यांतल्या प्लासिबो घेतलेल्या ८५८ रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा १६ टक्के रुग्णांत हालचालींची ठळक सुधारणा आढळली. या आजारात अपेक्षेचा परिणाम रसायनातूनच होतो.

सही मात्र नोव्हेंबरसारखी बारीक झाली नाही. चूर्ण पूर्ण बंद असतानाही अण्णा बटणे स्वतः लावत होते.

कसे वाचले

सुधारणेतला मोठा, टिकणारा भाग बहुधा लेव्होसुल्पिराइड बंद केल्याचा. सकाळचा दीड तास चूर्णातल्या लेव्होडोपाचा. थोडा भाग अपेक्षेचा. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे, की खात्रीसाठी ती कॅप्सूल पुन्हा सुरू करून बघावी लागली असती आणि ते कोणीही करू नये.

यातून एक उपयोगी गोष्ट निघाली: अण्णांची गोळीची मात्रा कमी पडत होती. चूर्णाने ते दाखवून दिले.

परिणाम

चूर्णाऐवजी चौथी गोळी वाढवली आणि वेळा ७, ११, ३ आणि ७ केल्या, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. दूध गोळीपासून लांब नेले, कारण त्यातली प्रथिने लेव्होडोपाशी शोषणासाठी स्पर्धा करतात. तीन आठवड्यांनी ऑफ दोन तास, डिस्किनेसिया जेमतेम अर्धा तास. यात गोळी वाढवल्याचा वाटा किती आणि वेळा जवळ आणल्याचा किती, हे वेगळे केले नाही. पोटासाठी लेव्होसुल्पिराइड नसलेले औषध आणि इसबगोल दिले.

दरम्यान अण्णांच्या ‘सत्तर टक्क्यां’वरून ओळखीच्या तिघांनी चूर्ण सुरू केले होते. लेव्होडोपाची गोळी न घेणाऱ्या एकाला उलट्या झाल्या, त्याने ‘आपल्याला नाही सोसलं’ म्हणून सोडले आणि पुन्हा विषय काढला नाही. गोळी घेणाऱ्या दोघांना फरक वाटला, ते सगळ्यांना सांगत राहिले. ऐकणाऱ्याच्या कानावर तीन यशस्वी अनुभव आले आणि एकही अपयश आले नाही. अनुभव गोळा करायचेच असतील तर सोडून दिलेल्यांना शोधून विचारावे लागते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे कार्बिडोपा चालू की नाही हे लिहावे लागते. रुग्णांनी आशेने घेतलेली पूरके मोठ्या चाचणीत टिकतातच असे नाही. कोएन्झाइम क्यू-१० बाबत २००२ च्या ८० रुग्णांच्या अभ्यासाने आशा दाखवली. ६०० रुग्णांच्या पुढच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, फायदा आढळला नाही. चूर्णाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात काम करणारे द्रव्य आहे, आणि म्हणूनच ते ‘निर्धोक पूरक’ म्हणून घेणे जास्त जोखमीचे.

वेगळे काय करता आले असते

ऑक्टोबरमध्येच, मंदपणा वाढल्यावर, ‘नवीन काय सुरू झाले’ हे विचारायला हवे होते. ‘दुसरी औषधे कोणती?’ या प्रश्नाला रुग्ण ॲसिडिटीची, चक्करेची किंवा भुकेची गोळी सांगत नाहीत. ती त्यांच्या लेखी औषधेच नसतात. घरातली सगळी पाकिटे, डबे आणि पुड्या पिशवीत भरून आणायला सांगणे जास्त कामाचे. त्यात लेव्होसुल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही डोपामाइन अडवणारी चार नावे आधी शोधायची.

टप्प्यांचा क्रमही उणा राहिला. चूर्णासह आणि चूर्णाविना असे एकदाच पाहिले. चालू-बंद-चालू-बंद असे दोनदा फिरवले असते तर अपेक्षेचा वाटा अधिक नीट वेगळा करता आला असता. अण्णांचा सकाळचा रक्तदाब पाहता चूर्ण पुन्हा चालू करणे योग्य वाटले नाही.

चूर्ण सुरू होण्याआधीची एकही मोजलेली नोंद हाती नव्हती, एका सहीशिवाय. चूर्ण किंवा कुठलेही पूरक सुरू करायचेच असेल तर आधी तीन दिवसांची डायरी, ठरावीक वेळेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि कागदावर एकच वाक्य दहा वेळा लिहिलेले, एवढे घरी होण्यासारखे आहे. आणि त्या महिन्यात दुसरे काही बदलायचे नाही, मेव्हण्यांनी सांगितले तरी.